दोन्ही गुडघे तुटलेली मुलगी

स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडानं सांगायची म्हणजे बघा… तुम्ही चहा घ्या, मी सांगते.

तेव्हा मी सोलापुरात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. खेळाडूंच्या दुखापतींच्या विभागात पहिलाच आठवडा. गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचा धडा नुकताच पाठ केलेला, त्यामुळे मला व्हरांड्यात झाडू मारणारे मामासुद्धा लिगामेंट तुटल्यासारखे दिसत होते.

अशात मोहोळची स्वाती आली. पंधरा वर्षांची, खो-खो खेळणारी. उजवा गुडघा दुखत होता. जिल्हा संघाची निवड महिन्यावर आलेली, म्हणून सोबत आलेले वडील काळजीत.

कधी दुखतं, कुठं दुखतं, काही विचारलं मी? छे! गुडघा वाकवला, नडगी धरून ओढली, तर ती टेबलाच्या खणासारखी सरकन पुढं आली. मला झालेला आनंद काय सांगू. लगेच वडिलांना ऐकवलं, लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लागेल, यंदा खेळ बंद. ते मटकन स्टुलावर बसले.

एवढ्यात आमच्या मॅडम आल्या. "डावा बघितलास?"

डावा ओढला. तोही सरकन पुढं. शहाणी असते तर इथं थांबले असते ना? मी म्हणाले, "मॅडम, दोन्ही तुटलेत."

"दोन्ही तुटलेली मुलगी दोन जिने चढून आली?"

मग मात्र मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून विचारायला लागले. पडली नव्हती, मुरगळला नव्हता, सूजही नव्हती.

"उडी मारली की दुखतंय," स्वाती म्हणाली. "वाटीच्या खाली, हितं."

आता डोकं चालायला लागलं. तिचा अंगठा वाकवला, तो थेट मनगटाला टेकला. कोपरं उलटी वळत होती. पोरीचे सगळे सांधे जन्मापासूनच सैल होते, तुटलं काहीच नव्हतं! वाटीखाली बोटानं दाबलं तशी ती कळवळली. उड्या मारून मारून तिथला स्नायूचा दोर दुखावला होता. उड्या कमी करायला लावल्या, व्यायाम दिले. मॅडमनी पाठ थोपटली.

महिन्याभरानं बापलेक पेढे घेऊन आले. निवड झाली होती. मी अशी फुगले म्हणून सांगू! खालच्या वर्गातल्या पोरींना गोळा केलं, त्यांना स्वातीचा सैल गुडघा दाखवला आणि म्हणाले, आता निरोगी गुडघा बघा. टेबलावर बसून ऐटीत स्वतःचा पाय वाकवला.

गुडघ्यातून कडाकड असा आवाज आला की पोरी दचकून मागं सरकल्या.

स्वातीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ताई, तुमाला कधीपास्नं दुखतंय?"