नानासोंनी काढलेल्या खुणा

म्हसवडजवळच्या वस्तीवर नानासोंचा दरारा मोठा, पण नातीपुढं गडी पार लोणी. ही नात, स्वप्नाली, साताऱ्यात कॉम्प्युटर शिकून पास झाली, तेव्हा तिच्या चुलत्यानं, इंद्रजितनं, मद्रासहून नवाकोरा लॅपटॉप धाडला. तिकडं सोनं गाळायच्या धंद्यात त्याचा जम बसला होता आणि पुतणीवर जीवही होता. नव्याण्णव साल ते. वस्तीवर तसली वस्तू कुणी बापजन्मी बघितली नव्हती.

दुपारी स्वप्नाली आजीला, रंगूबाईला, घेऊन सिद्धनाथाला पेढे ठेवायला गेली. नानासो बाजेवर लॅपटॉपची राखण करत बसले. बघतात तर काय, त्याच्या अंगावर ठिकठिकाणी रंगीत स्टिकर. निळा, हिरवा, एक सोनेरी चांदणीचा. नानासो बाजेवरून ताडकन उठले.

अहो, मेंढरावर ज्याची खूण, त्याचं मेंढरू, हा धनगराचा कायदा. नानासोंची खूण म्हणजे पाठीवर तांबड्या कावेचा आडवा पट्टा. परक्या खुणेची मेंढी कळपात शिरली, तर ती धन्याला पोचवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. आणि इथं एकाच जिनसावर इतक्या जणांच्या खुणा! उद्या साताऱ्यात कुणी म्हणालं, ही वस्तू आमची, तर? पोरीला चोर ठरवतील की मेले.

नानासोंनी चिंधी शेंगतेलात भिजवून पिळली. कोकराच्या कानातला गोचीड काढावा तसा एकेक स्टिकर कडेनं सोडवला, चिकटा पुसला. तेल आत जाईल म्हणून जीव मुठीत धरला होता. तेवढ्यात स्वप्नाली दारात आली आणि चकाचक लॅपटॉप बघून उभीच राहिली. नानासोंनी भीत भीत सगळं सांगितलं. ती हसून हसून खालीच बसली. म्हणाली, त्या नुसत्या कंपनीच्या जाहिराती होत्या; तिलाही त्या नकोच होत्या, पण नखानं निघेनात. नानासोंचा जीव भांड्यात पडला.

"आबा, आता तुमची खूण करा," ती म्हणाली.

त्यांनी हौसेनं वाटीत काव कालवली, बोट बुडवलं आणि थांबले. त्यांची खूण वडलांकडून आलेली, पुढं लेकांकडं जायची. घरातल्या बाईमाणसाला खूण कधी नव्हतीच. हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं.

"माजी नगं. वस्तू तुजी हाय, खूण तू कर," म्हणत त्यांनी वाटी तिच्यापुढं सरकवली.

स्वप्नालीनं झाकणाच्या कोपऱ्यावर अंगठा उमटवला. तिचे डोळे भरून आले आणि ती हसतही होती.

रंगूबाई उंबऱ्यात उभी होती. जन्मभर मेंढरांमागं पायपीट केलेली बाई. तिनं वाटी उचलली आणि मेंढरं कोंडलेल्या जाळीच्या वाघुरीकडं चालू लागली.

"तुज्या खुणंला काळी मेंढी घे गं," त्यांनी मागून हाळी दिली, "लय गुणाची हाय." आणि मेंढी धरायला आपणच उठले.