माझी दाढ आणि समारोपाची चार पानं

माझ्या अक्कलदाढेवर घरात, गल्लीत आणि फोनवर मिळून चौदा माणसांनी मत दिलं. त्यातल्या एकाचीही दाढ दुखत नव्हती.

दुखत होती माझी. उजवीकडची, खालची, सगळ्यात मागची. सदुसष्टाव्या वर्षी! बाकीचे दात एकेक करून चालले, तेव्हा ही बया हिरडीतून डोकं वर काढत होती. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली दातांची डॉक्टर (सिंधी पोरगी, माझ्या नातीसारखी दिसते, पण हात पैलवानाचा) एक्स-रे बघून म्हणाली, "आंटीजी, टेढ़ा है. निकालना पड़ेगा, नहीं तो बार बार सूजेगा."

मी विचारलं, "बोलायला कधी येणार?"

"चार दिन में सब ठीक. अभी गोली लो, घर जा के सोचो."

घरी जाऊन विचार करा म्हणे! आमच्या घरात विचार कोण करतं? सगळे नुसतं बोलतात.

तो शनिवार होता. पुढच्या रविवारी आमच्या अंबरनाथच्या विहारात वर्षावासाचा समारोप होता. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं, आणि शेवटच्या दिवशी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत समोर बसलेली असताना शेवटची चार पानं माइकवर वाचायचा मान एका बाईला मिळतो. अकरा वर्षं तो मान सुलोचनाबाईंकडे होता. सुलोचनाबाई पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. अजून त्या समोरचा प्रत्येक माणूस चार वर्षांचा आहे असं धरूनच वाचतात. यंदा बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी वाचणार." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी रेल्वे चालवायला मागितली!

मी चौथी शिकलेली. पुढे बापाने शाळेतून काढून गुरांमागे धाडलं. त्याचा राग मला अजून आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही. दोन महिने भाकऱ्या थापता थापता ती चार पानं मी घोकली. आता दाढ काढायची तर बुधवारपर्यंत काढायला हवी. नाही काढली आणि रविवारी गाल फुगला, तर माइकसमोर काय, आरशासमोर उभी राहायची सोय नाही.

आमचे हे, म्हणजे मिलिंदचे पप्पा, कंपनीतून रिटायर झाल्यापासून कुठल्याही प्रश्नावर तयारच असतात. म्हणाले, "काढू नको. आमच्या खात्यात एकाने दाढ काढली, तर त्याचा डोळा गेला."

"दाढेने डोळा?"

"नस असते."

"म्हणजे आंधळा झाला?"

"तसं नाही. चष्मा लागला."

मुलगा मिलिंद म्हणाला, "आई, काढून टाक. विषय संपव." (त्याला सगळेच विषय संपवायचे असतात. लग्नानंतर आठव्या दिवशी त्याने हेच म्हणून माझा पाटा-वरवंटा भंगारात दिला.) सून प्रज्ञाने मोबाइलवर दाढ काढतानाचा व्हिडिओ लावून दिला, वर म्हणाली, "आई, भीती जाते याने." भीती नव्हतीच, ती आली! वांगणीच्या बहिणीचा फोन, "लवंग धर गं." दोन दिवस लवंग धरून माझ्या तोंडाला मसालेभाताचा वास यायला लागला. दाढ होती तिथेच.

मग मंगळवारी सुलोचनाबाई आल्या. "जयभीम ताई. माझं ऐका, काढूनच घ्या. दुखणं अंगावर काढू नये. आणि वाचनाची काळजी करू नका, मी आहे ना!"

ते "मी आहे ना" ऐकलं आणि माझं ठरलं. दाढ काढायची नाही!

संध्याकाळी मोठ्याने वाचून बघितलं. पहिल्या पानावर तीन सणका, दुसऱ्यावर सात. पुस्तक मिटलं आणि उलटं ठरवलं. दाढ काढायची, पण कोणाला कळू द्यायचं नाही. चौदा जणांची मतं ऐकून झाली होती, पंधरावं माझं.

बुधवारी सकाळी "बाजारात जाते" म्हणून निघाले आणि रिक्षाने कॅम्प दोन गाठलं. डॉक्टर म्हणाली, "साथ में कौन है?" मी म्हटलं, "बेटा नीचे गाडी लगा रहा है." (मिलिंदकडे गाडी नाही.) अर्धा तास त्या पोरीने माझा जबडा असा धरला होता, की मला वाटलं दाढेबरोबर बापाने न शिकवलेली पाचवीही बाहेर येणार. दोन टाके घातले, कापसाचा बोळा दाबला आणि बजावलं, "आंटीजी, एक घंटा मुँह बंद. बोलना नहीं, थूकना नहीं. बस इतना करो, इतवार को भाषण भी कर लोगे."

एवढंच! एक तास!

घरी आले तेव्हा जेमतेम वीस मिनिटं झाली होती. रस्त्यात धूळ म्हणून तोंडाला पदर होताच. तशीच जाऊन खिडकीकडे तोंड करून बसले. आता आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, की मी रागावले की पदर तोंडाला लावून खिडकीकडे तोंड करून बसते. यांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" मी गप्प. त्यांनी प्रज्ञाला हाक मारली. "अगं, आई रुसल्यात. काय केलंस?"

मी लिहून सांगायला पेन्सिल उचलली. 'दाढ काढली' एवढं लिहिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तेवढ्यात प्रज्ञा रडवेली होऊन म्हणाली, "आई, चुकलं माझं. ती सुक्या बोंबलांची बरणी मांजराने नाही पाडली, मीच फेकली. वास येत होता."

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, नुसतं गप्प बसून एवढं बाहेर येतंय, तर बसू की गप्प! (त्या मांजराला मी आठवडाभर दूध दिलं नव्हतं.)

मिलिंदची कामावर दुसरी पाळी होती, म्हणून तो घरीच होता. आत आला, बायकोचं तोंड बघितलं, माझी पाठ बघितली आणि घाबरला. "आई, तुला कळलं ना? तुझे आवाजातले मेसेज मी ऐकत नाही गं. नुसता अंगठा पाठवतो. फार लांब असतात."

तीन वर्षं मी त्या अंगठ्यांवर खूश होते! तरी गप्प बसले. कापूस चावून धरला. चाळीस मिनिटं झाली होती. खरं सांगते, जन्मात इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते, आणि मला ते जमायला लागलं होतं.

मग हे चहाचा कप घेऊन समोर येऊन बसले. खाकरले. "बरं बाबा, सांगतो. सुलोचनाबाईंना मीच पाठवलं काल. त्यांना म्हटलं, तुम्ही तयारी ठेवा. ही काही वाचत नाही. दाढेचं निमित्त बरंच झालं. तू अडखळतेस गं, जोडाक्षर आलं की थांबतेस. समोर बसून मला घाम फुटतो."

बोळा थेट त्यांच्या चहात गेला.

पुढे मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. गल्लीतल्या बायकांना विचारा, त्यांना पाठ आहे. बापापासून सुरू केलं, पाट्या-वरवंट्यावरून बोंबलांवर आले, अंगठ्यांचा हिशेब मागितला, आणि "अडखळते मी? आता अडखळतेय का?" असं किंचाळले तेव्हा हनुवटीवरून रक्त वाहत होतं. मिलिंद ओरडला, "आईला रक्ताची उलटी!" प्रज्ञाने बादली आणली. यांनी मला वारा घालायचा सोडून स्वतःलाच वारा घातला. सगळ्यात आधी धावत कोण आलं? सुलोचनाबाई, हळदीचा डबा घेऊन!

सगळी वरात रिक्षातून परत कॅम्प दोनला. डॉक्टरने तोंडात बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आंटीजी, टाँका टूट गया. आपने बात किया क्या?"

हे म्हणाले, "बात? अर्ध्या अंबरनाथने ऐकली, मॅडम."

नवे टाके पडले आणि आठ दिवस तोंड बंद झालं.

रविवारी पांढरी साडी नेसून, भोपळ्याएवढा गाल घेऊन मी पहिल्या रांगेत बसले. माइकवर सुलोचनाबाई. पहिलं पान झालं, दुसरं झालं, आणि बाईंनी दोन पानं एकदम उलटली! तिसरं अख्खं पान खाल्लं आणि चौथ्यावर गेल्या. वस्तीत एकालाही कळलं नाही. कळलं फक्त मला, कारण ती चार पानं मला तोंडपाठ होती. मी अर्धी उठले, हात केला, "म्म! म्मम्म!" केलं. मागची बाई डोळे पुसत म्हणाली, "बघा, ताईंना किती भरून आलंय." यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "पाणी देऊ?"

चौथी शिकलेली बाई चार पानं वाचू शकते, हे मला वस्तीला दाखवायचं होतं. दाखवलं काय, तर तिला एक तास गप्प बसता येत नाही. आणि ते वस्तीला आधीपासूनच माहीत होतं!