पितळी ठोकळ्यावरचा ठसा

गाडीच्या मालकाच्या बोलण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. "किसी ने हाथ नहीं लगाया भैया, काँच अपने आप गिर गया," असं जो तो सांगायचा. मी ऐकून घ्यायचो आणि दाराला कान लावून बटण दाबायचो. नुसती टकटक आली तर दोष बटणात किंवा तारेत. मोटर मोकळी घरघरली आणि काच जागची हलली नाही, तर काच धरून ठेवणारा प्लास्टिकचा ठोकळा तुटलेला, आणि तो नेमका कुणीतरी चढती काच हाताने दाबल्यामुळेच तुटलेला. माणसं खोटं बोलतात, मोटर बोलत नाही, हे माझं ठाम मत होतं. अजूनही थोडंफार आहे.

आमच्या हिंदीभाषक शहराच्या राइट टाउन भागात माझं पत्र्याचं दुकान होतं. बटणावर काच चालणाऱ्या गाड्या शहरात तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या, आणि तेवढा एक ठोकळा सुटा कुठे मिळायचा नाही. काच वरखाली करणारा अख्खा सांगाडाच नागपूरहून मागवावा लागे. तोवर गिऱ्हाईक काचेला पुठ्ठा लावून हिंडायचं आणि येताजाता मला बोल लावायचं.

यातून बाबांनी वाट काढली. ते लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. एका संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळेचा ठोकळा माझ्या हातात ठेवला. खाचा इतक्या नेमक्या की काच एका झटक्यात बसली. मी खूश झालो. असे चार-पाच ठोकळे झाल्यावर मात्र एक मी उजेडात नीट पाहिला. कोपऱ्यात बारीक ठसा होता: दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. कारखान्यात पास झालेल्या मालावर प्रत्येक तपासनीस आपला ठसा मारतो. हा बाबांचा होता.

म्हणजे पितळ कारखान्यातलं, चोरून आणलेलं. कारगिलची लढाई चालू होती. कारखान्यात जादा पाळ्या होत्या आणि गेटवर झडती इतकी कडक, की सुटताना प्रत्येकाला डब्याचे सगळे पुडे उघडून, दोन्ही हात वर करून उभं राहावं लागे. पितळेचा तुकडा सापडला तर नोकरी गेली आणि पेन्शनही. बाबांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. आम्ही राहत होतो ते क्वार्टरसुद्धा कारखान्याचंच.

"बाबा, हे पितळ कुठचं?" मी विचारलं.

"काहून विचारून राहिला? बसते ना बरोबर?" एवढंच म्हणून ते पाय धुवायला गेले.

सरळ उत्तर नाही म्हणजे पाणी मुरतंय, हा माझा हिशेब. त्यातच सिव्हिल लाइन्समधले एक निवृत्त फौजी अधिकारी आपली गाडी घेऊन आले. मी दाराचं अस्तर काढून ठोकळा बसवत होतो, तर ते खांद्यावरून वाकून बघत होते. "ये निशान किसका है?" त्यांनी विचारलं. "कबाड़ी से लिया है साब," मी म्हणालो. मी घाईघाईने अस्तर परत चढवलं. खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवणारा मी!

त्या दिवसापासून मी बाबांची झडती घ्यायला लागलो. ते कामावरून येऊन पाय धुवायला गेले की मी त्यांचा डबा उघडायचो. तिन्ही पुडे बघायचो, वास घ्यायचो, तळाशी वाजवून पाहायचो. सायकलची सीटसुद्धा चाचपली. काही सापडलं नाही, आणि त्यामुळे संशय आणखीच वाढला. मला वाटलं, माणूस फारच हुशारीने आणतोय.

घरात तेव्हा संशयाचीच हवा होती. आईच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता नाहीसा झाला होता. ती तराजूच्या वजनाने वेलदोडे कुटायची, आणि भांडी घासणाऱ्या बाईवर आळ घेऊन तिने तिला कामावरून काढूनही टाकलं होतं. मला ते पटलं होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात एवढी अक्कल मात्र मला सुचली नाही.

एका रविवारी रात्री मी जेवताना ताट बाजूला सारलं. "बाबा, उद्यापासून ठोकळे नकोत. तुम्ही पकडले गेलात तर आपण रस्त्यावर येऊ."

 बाबांनी खाटेखालची ट्रंक ओढली आणि फडक्यातून एक वस्तू काढून पुढे ठेवली. तो आईचा बत्ता होता. अर्धाच उरलेला, एका टोकाला करवतीच्या ताज्या खुणा. रविवारी त्यांची अर्धीच पाळी असायची. दुपारी आई भजनाला आणि मी दुकानात गेलो, की ते मागच्या अंगणात तो कापून घासत बसायचे.

"अन् ठसा?" मी विचारलं.

"तिकडला ठसा तिकडेच राहते. हा घरी बनवला," ते म्हणाले. "अडतीस वर्षं झाली. तपासलेल्या मालावर ठसा नाही मारला, तर हातून पुढे देववत नाही."

आईने माहेरून आणलेला तो बत्ता उचलला.  "आता त्या बाईला कोणत्या तोंडानं बोलावू?" एवढंच म्हणाली. मलाही माझं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

दुसऱ्या संध्याकाळी बाबा आले. सायकल स्टँडवर लावली, पण पाय धुवायला गेले नाहीत. व्हरांड्यात माझ्यासमोर त्यांनी डब्याचे तिन्ही पुडे एकेक करून उघडून ठेवले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी हसण्यावारी न्यायला गेलो. ते हसले नाहीत.

"असू द्या ना बाबा," मी म्हणालो.

"पाहून घे," ते म्हणाले.

निवृत्त होईपर्यंत ते रोज तसंच करत राहिले. ठोकळेही देत राहिले, पण त्यांवर ठसा नसायचा. निवृत्तीच्या दिवशी ते गळ्यात हार घालून आले. डबा उघडला, हात वर केले. पुड्यांमध्ये निरोपाचे पेढे होते. मला त्यातला एकही उचलता आला नाही.