पापणीखालचा रंग

मेंढरू तोंडाने सांगत नाही. त्याची खालची पापणी अंगठ्याने उलटायची आणि आतला रंग बघायचा. लाल असला तर सोडून द्यायचं, फिकट असला तर जंताचं औषध पाजायचं, आणि धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा असला तर त्या मेंढराचा भरवसा धरायचा नाही. हे मला बापाने शिकवलं. शाळा मी तिसरीपर्यंत केली आणि तिथलं अक्षर तेवढं हाताला राहिलं, पण पापण्या साठ वर्षं वाचल्या. मुठा खोऱ्यात कुणाचं मेंढरू बसलं की मला बोलावणं यायचं. मी बघून सांगितलं की जनावरांचे डॉक्टरसुद्धा मान हलवायचे. त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

माझा लेक मेंढरांमागे आला नाही. आमच्या चरायच्या जागा एकेक करून तारेच्या कुंपणात गेल्या, तिथे शनिवार-रविवारचे बंगले झाले, तेव्हा त्याने लायसन काढलं आणि महाळुंग्याला काँक्रीटची गाडी चालवायला लागला. पोटात सिमेंट फिरवत जाते ना, ती. राहायचा तिकडेच, आठवड्याला घरी यायचा. गेल्या दिवाळीनंतर तो वाळत चालला. तोंडात पांढरा थर आला, तिखट सोसेना. सूनबाई त्याला लहान नातीसारखा दूधभात द्यायची. ताप येई, जाई. मी म्हणायचो, हॉटेलचं खातोस, सिमेंट गिळतोस, दुसरं काय होणार.

त्याच दिवसांत गावच्या देवळापुढे आरोग्याचं शिबीर झालं. साखर तपासायला ही रांग. कडेला एका टेबलाशी चाळिशीच्या एक ताई छोटी छोटी खोकी मांडून बसलेल्या, त्यांच्याकडे कुणी फिरकेना. मी काय आहे म्हणून विचारलं.

"एचआयव्हीची तपासणी आहे बाबा. सुई नाही, रक्त नाही. ही पट्टी हिरड्यांवरून फिरवायची, या नळीत उभी करायची आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर घाबरायचं नाही, आमच्याकडे यायचं, पक्की तपासणी करायची. घरच्या घरी, आपली आपण."

आमच्या फाट्यावरचा चहावाला मागे उभा होता. तो म्हणाला, "आबा, घ्या की एक. चार-चार म्हयने कोकणात मेंढरं घिऊन असायचा. तितं मेंढरांनी काय चरलं आन् तुमी काय चरलं, कुणाला ठावं."

सगळे हसले. मी म्हणालो, "दोन द्या ताई. एक मला, एक माझ्या लेकाला. माझ्या घराला भ्या न्हाई."

मी मेंढराच्या पापणीवरून रोग ओळखतो तेही त्यांना ऐकवलं, आणि ताईंनी माझा फोन नंबर लिहून घेतला.

रविवारी मी लेकाला ओट्यावर बसवलं आणि त्याच्यासमोर आधी माझी केली. त्याआधी अर्धा तास तंबाखू खायची नव्हती. सूनबाई आतून म्हणाली, "आबांची तंबाकू अर्धा तास बंद? ही तपासणी हाय का शिक्षा?" वरची हिरडी, खालची हिरडी, आणि काडी नळीत. मी उकिडवा बसून बघत राहिलो. त्या बारक्या खिडकीत तांबूस ओल मुंगीच्या चालीने वर चढली, आणि एक रेघ उमटली. कुणी ओढली नाही, आपोआप आली. माणूस बायकोला सांगत नाही, देवाला सांगत नाही, ते त्याच्या तोंडाच्या ओलीत लिहिलेलं असतं आणि बोटाएवढी काडी ते वाचते. मला वाटलं होतं, न बोलणाऱ्याचं वाचणारा मी एकटाच.

आणि तिथेच मी चुकलो. जनावरांचे डॉक्टर येतात तेव्हा ऐंशी मेंढरांतल्या चार-पाचांचंच रक्त नेतात आणि त्यावरून सगळा कळप सांगतात. मी लेकाला म्हणालो, "बाप-लेकाचं रक्त एक. माझं बघितलं म्हंजी तुझं बघितलं. ठिऊन दे ती दुसरी."

"व्हय आबा," तो म्हणाला.

इतक्या लगेच तो माझं कधी ऐकत नाही. पण मी आनंदात होतो. दुसरं खोकं फळीवर कातरीच्या मागे गेलं आणि माझी काडी माझ्या खिशात. आठ दिवस मी ती घेऊन फिरलो. चहाच्या टपरीवर काढून दाखवली, सोसायटीच्या कट्ट्यावर दाखवली. म्हटलं, बघा, एक रेघ. आमच्या घराचं रक्त साफ हाय.

ताईंचा फोन आला. "दोघांनी केली का, बाबा?"

"एकच रक्त हाय ताई. माझं झालं की त्याचं झालं."

त्या हळूच म्हणाल्या, "मेंढी आजारी पडली तर तुम्ही तिची पापणी बघता, की तिच्या आईची?"

मी फोन बंद केला. नंतर त्यांचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत.

दोन महिने गेले. लेकाला क्लच दाबायची ताकद राहिली नाही, तो घरीच येऊन राहिला. एका सकाळी आम्ही मेंढरांना जंताचं औषध पाजत होतो. तो दगडावर बसून एकेक मेंढरू धरायचा, मी पापणी उलटायचो, मग औषध. चाळीसेक झाली असतील. हाताला वळण लागलेलं होतं. एक मेंढरू सुटलं, तो वाकून वर आला, त्याचं तोंड माझ्या हाताशी होतं, आणि माझ्या अंगठ्याने त्याचीच पापणी खाली ओढली.

पांढरी होती. धुतलेल्या फडक्यासारखी.

दर आठवड्याला ऐंशी मेंढरांचे डोळे बघणारा मी, पोटच्या पोराच्या डोळ्यात सहा महिने बघितलं नव्हतं.

"ती फळीवरची आण," मी म्हणालो.

"तितं नुसतं खोकं हाय."

"कवा केलीस?"

"तुमच्या मागून चार दिसांनी. गाडीतच."

"मग?"

"दोन," तो म्हणाला.

मेंढरं ओरडत होती. मी म्हणालो, "दोन म्हयने झालं. ताईंकडं का गेला न्हाईस?"

"कसा जाऊ? तुमी सगळ्या गावाला काडी दावत फिरलात. म्या त्या रांगेत दिसलो असतो तर तुमचं काय ऱ्हायलं असतं?"

तो माझी शान राखत होता आणि आतून मरत होता. ती काडी त्या वेळीसुद्धा माझ्या बंडीच्या खिशात होती. कुठून लागलं ते मी विचारलं नाही. आजवर विचारलं नाही.

मी ताईंना फोन लावला. म्हणालो, "ताई, मेंढीचंच बघायचं असतं." त्यांनी बोल लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "कधी आणताय? मी दवाखान्याच्या दारात थांबते."

दुसऱ्या दिवशी सूनबाईला घरी सगळं सांगून आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. ताई दारात होत्याच. पण लेक फाटकात अडला. आत तपासणीच्या खोलीसमोरच्या बाकावर आमचा चहावाला त्याच्या आईला घेऊन बसला होता. लेक म्हणाला, "आबा, मागारी चला. उद्या यिऊ." ताई माझ्याकडे बघत होत्या. मला कळलं, हा उद्या यायचा नाही.

कळप पाण्याला अडतो तेव्हा मागून कितीही काठी मारा, उतरत नाही. धनगराने स्वतः आधी पाण्यात उतरायचं असतं, म्होरक्या मेंढीचा कान धरून. मी लेकाचा हात धरला आणि पुढे झालो.

चहावाल्याने भुवया वर केल्या. "काय आबा, हितं कुटं?"

"रक्त दाखवायला," मी म्हणालो. "माझं. त्या काडीवर भरवसा ऱ्हायला न्हाई. म्हाताऱ्याला वाट गावत न्हाई म्हनून ल्योक संगं आणलाय."

खोऱ्यातली वाट मला गावत नाही, हे मी जन्मात कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. चहावाला माझ्याकडे बघत राहिला आणि बघता बघता बाकावर जरा सरकला. त्याच्या पुढून माझा लेक खोलीत गेला. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

पक्क्या तपासणीत तेच निघालं. पुढच्या दोन दिवसांत सूनबाईचं आणि नातीचं बघितलं, त्या दोघी नीट होत्या. लेक तेवढं ऐकून भिंतीला टेकून रडला. ताई म्हणाल्या, "रोज एक गोळी. चुकवायची नाही."

"कुठवर?"

"कायमची. मी अकरा वर्षं घेतेय."

लेकाने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. मीही बघितलं. भरल्या अंगाच्या, हातात हिरव्या बांगड्या. त्यांची पापणी बघायची गरज नव्हती.

सुरुवातीला लेकाला गरगरायचं, भलती स्वप्नं पडायची. ताईंचा फोन रोज यायचा, मग आठवड्याला. गोळी घेतली का, खाल्लं का, पुढच्या तारखेला येताय ना. एवढ्या चिवटपणे मी हरवलेली कोकरंसुद्धा शोधली नव्हती. तिसऱ्या महिन्यात त्याने भाकरीबरोबर ठेचा मागितला, आणि सूनबाई चुलीपाशी नुसती उभी राहिली. सहाव्या महिन्यानंतर पुन्हा रक्त नेलं. ताई कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता सापडत नाही."

"गेला म्हणा की."

"गेला नाही, बाबा. पण असा दबलाय की यंत्राला दिसत नाही. असाच दबलेला राहिला तर बायकोलाही व्हायचा नाही. गोळी तेवढी चालू पाहिजे."

मी ती गोळी हातात घेऊन बघितली. मेंढरांच्या गोळीपेक्षा लहान. साठ वर्षांत इतकी पांढरी पापणी परत लाल झालेली मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बघितली, आणि ती दैवाने. इथे एक गोळी, एक न थकणारी बाई, आणि माणूस मागारी आला. कुणी मला देव दाखवला असता तरी मी एवढा गप्प झालो नसतो.

गावात मात्र रोग मला लागला होता. चहावाला सगळ्यांना काचेच्या पेल्यात चहा द्यायचा, मला कागदी कपात. चहाने हे लागत नाही, ताईंनी शिबिरात त्याच्यासमोरच सांगितलं होतं. मी कप घ्यायचो, प्यायचो. मीच काडी दाखवत फिरलो होतो, तेव्हा हा कप माझाच होता.

परवा लेक गाडी घेऊन फाट्यावरून चालला होता, थांबला. माझ्या हातातला कप त्याने बघितला, बाकीच्यांच्या हातातले पेले बघितले. मग तो कप माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो माझा हाय," तो चहावाल्याला म्हणाला. "आजार मला हाय, आबांना न्हाई. दवाखान्यात त्या दिशी ते माझ्या म्होरं उभं व्हते. त्यांना काचंत द्या."

चहावाल्याने किटली खाली ठेवली, परत उचलली. पेला धुतला आणि माझ्यापुढे ठेवला. लेक उभ्याउभ्या तो कागदातला चहा प्यायला. मला पाण्यात उतरायला त्याचा हात धरावा लागला होता. हा एकटा उतरला, कुणाचा कान न धरता. चहावाल्याने जरा वेळाने आणखी एक पेला भरला आणि त्याच्याकडे सरकवला. लेकाने तोही घेतला.

ऊन त्याच्या तोंडावर होतं. मी जवळ सरकून त्याच्या डोळ्यात बघायला लागलो.

"आबा," तो हळूच म्हणाला, "घरी बघा. हितं समदी बघत्यात."