काढून टाकलेला उंबरा

"थांब रे! उंबरा हाय!" आई ओरडली आणि व्हीलचेअर दारातच अडली... मी मागून अर्धा खुर्चीवर, अर्धा हवेत.

गंमत अशी, की तिथं उंबरा नव्हताच. मीच काढला होता.

आधीच सांगतो — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शहापुरात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. भूत आलंच तर त्याला शटरचं कोटेशन देईन, असा मी माणूस. पण सापगावच्या आमच्या घराच्या पुढच्या दारात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

आईला लकव्याचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत. ती हॉस्पिटलात होती तेवढ्यात मी घराचा कायापालट केला. अंगणातल्या संडासात धरायला पाइप, दारातून उतरायला रॅम्प — असा, की म्हसा गावच्या जत्रेतला बैल झोपेत उतरेल. आणि दारातला सागाचा उंबरा उपटून तिथं लादी बसवली. आईला विचारलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती रोज त्याला हळदकुंकू लावायची. विचारलं असतं तर उंबऱ्याच्या आधी मीच घराबाहेर गेलो असतो.

हॉस्पिटलातून आणली तेव्हा तिला उचलूनच आत घेतली होती; दुसऱ्या दिवशी बाहेर न्यायला निघालो, तर खुर्ची अडली. ब्रेक बघितला, चाकं बघितली. रिकामी खुर्ची सोडली तर सुळकन बाहेर. आई बसली की दारात बंद. शेजारच्या बाळूला बोलावलं, अंगात रेड्याची ताकद. खुर्ची हलली नाही, बाळूच्या चपलेचा अंगठा तुटला. गोटी सोडून बघितली, ती लादीवरून, रॅम्पवरून थेट कोंबड्यांत.

मग काय, आईला उचलूनच न्यायला लागलो. माझी कंबर धरली. एकदा ती हातातून निसटलीच होती... बाळूनं झेलली. त्या दिवसापासून तिला उचलायच्या आधी मी बाळूला हाक मारायचो, आणि ती का, ते तिला कळायचं.

खर्डीहून ताई आली. बघून म्हणाली, "तुला झेपत नाय. कल्याणच्या आश्रमात ठेवू. तिकडं सगळं सपाट असतं."

आईनं भिंतीकडे तोंड केलं. रात्री जेवली नाही.

सकाळी ताईनं बॅग भरली. गाडी दारात उभी. आईच्या मांडीवर पाण्याचा तांब्या दिला, खुर्ची ढकलली... आणि अडली. ताई खाली वाकून समजुतीनं म्हणाली, "आई, उंबरा नाय गो तिथं. बघ तरी."

आईनं खाली बघितलंच नाही. "थांब सांगते तर कोण थांबतच नाय," ती म्हणाली. "पाय उचलल्याशिवाय वलांडायचा कसा?"

आम्ही थांबलो. आणि तिचा डावा पाय — डॉक्टरनं सुई टोचली तरी न हललेला पाय — फूटरेस्टवरून वर आला. वीतभर. मी तिळाचा ताड करतो हे अख्ख्या सापगावला ठाऊक आहे, पण हे वीतभर म्हणजे वीतभरच. मी हलकेच ढकललं. चाकं वर चढली आणि दणकन पलीकडे उतरली. सपाट लादीवर! तांब्या उपडा झाला. ताईनं बॅग उचलून परत आत नेली.

गाडी रिकामी परत गेली.

तेव्हापासून रोज तसंच. आई दारात पाय उचलते, दणका बसतो, आम्ही बाहेर. दुसरीकडे कुठंच तो पाय हलत नाही. डॉक्टर म्हणाले, नसांना सवय असते. मान्य. पण चाकांना कुठल्या नसा?

बाळू हल्ली आमच्या दारातून पाय उंच करून जातो. खोटं कशाला बोलू, मीपण.

परवा राहवेना. आईला म्हटलं, तो सागाचा उंबरा गोठ्यात पडलाय, परत बसवून देऊ का.

ती बशीतला चहा फुंकत म्हणाली, "हाय ना तिथं. दोन-दोन कशाला?"