अर्जदार बाई आई कशावरून?

१५ फेब्रुवारी १९५४, सोमवार. अलीपूर, जिल्हा न्यायाधीशांचं कोर्ट.

हजर: मी, अर्जदार. माझे वकील, एक वयस्कर बंगाली गृहस्थ, मफलर गळ्याला आणि सर्दी नाकाला. माझे थोरले दीर, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ, विरुद्ध पक्ष. त्यांचे वकील. थोरल्या जाऊबाई, मुलीला सोबत म्हणून आलेल्या. माझी मुलगी, वय सात, त्यांच्या मांडीला टेकून बसलेली, माझ्यापासून दोन बाकं लांब. न्यायाधीश, आणि त्यांच्यापुढे कागद सरकवणारा पेशकार.

गैरहजर: माझं लग्न ज्यांनी पाहिलं होतं, ती बाकी सगळी माणसं.

मुलगी माझी आणि ती मागायला मला अर्ज करावा लागला. तो का, ते आधी सांगते. नवरा खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होता. आदल्या पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला. मुलीला लागण नको म्हणून मीच तिला भवानीपूरला दिरांच्या घरी पोचवलं. तिथं मूलबाळ नव्हतं, जागा ऐसपैस होती, जाऊबाईंचा जीव होता. नवरा गेला. तेराव्यानंतर मी मुलीला आणायला गेले, तर दीर म्हणाले, "राहू दे की थोडे दिवस. तू आधी स्वतःचं बघ."

मी स्वतःचं बघितलं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेतून काढलं आणि गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत कारकुनाची जागा मिळवली. सरकारी बिऱ्हाड सोडावं लागलं, तेव्हा जवळच एका बंगाली विधवेच्या घरात वरची खोली घेतली. शाळा पाहून ठेवली. मग परत भवानीपूरला गेले.

"नोकरी करणारी बाई मूल काय वाढवणार?" दीर म्हणाले. "होळीला आमची ताई पुण्याहून येतेय. ती घेऊन जाईल मुलीला. तिथं चार आपली माणसं आहेत, निदान मराठी तरी नीट बोलायला लागेल."

"मराठी माझ्याकडेही बोलतात, भाऊजी."

"तू दहा ते पाच कचेरीत. भिंतींशी बोलेल का ती?"

पायऱ्या उतरतानाच मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वकिलाकडे गेले.

आता चुकीबद्दल. चूक आमच्या लोकांतच होऊ शकते अशी होती. बंगाली मुलगी लग्नानंतर आडनाव बदलते आणि स्वतःचं नाव घेऊन सासरी जाते. आमच्याकडे लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, साखर वाटतात, आणि पहिलं नाव त्या दिवसापासून माहेरीच राहतं. बापाचं नाव, आडनाव आणि स्वतःचं नाव, तिन्ही जातात. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, म्हणून नोकरीही त्याच नावावर लागली आणि सहीही मी तीच करू लागले. वकीलसाहेबांनी माझ्या नेमणुकीच्या कागदावरून नाव उतरवून घेतलं आणि अर्ज लिहिला. मी वाचला, सही केली. मला त्यात काही खटकलं नाही. दोन्ही नावं माझीच होती.

मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव होतं ते तांदळातलं.

दिरांना ते पहिल्याच वाचनात दिसलं. त्यांचा धंदाच तो होता, गोदीत अडकलेला माल लोकांना सोडवून द्यायचा. उभ्या आयुष्यात त्यांनी कागदांवरची नावंच ताडून पाहिली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात ते मला शांतपणे म्हणाले, "खोक्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही तर माल सुटत नाही. एवढं तुला ठाऊक हवं होतं. कस्टमवाल्याची बायको तू."

"माझी मुलगी माल नाही."

"तसं तुझ्या वकिलाला लिहायला सांग."

आत त्यांचे वकील उभे राहिले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "ही बाई आई नाही असं आमचं मुळीच म्हणणं नाही. आम्ही फक्त पुरावा मागतो. अर्जदार बाई एका नावाची, मुलीची आई दुसऱ्या नावाची. अर्जदार बाई आई कशावरून?"

कोर्ट माझ्याकडे पाहू लागलं. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला, परत लावला. माझे वकील आमच्या चालीरीती समजावू लागले, पण त्यांनाच त्या तासाभरापूर्वी कळल्या होत्या. तांदूळ म्हणायच्या जागी ते दोनदा धान म्हणाले.

"लग्नाचा काही कागद?" न्यायाधीशांनी विचारलं.

लग्न नागपूरला झालेलं. कागद कसला? पत्रिका छापली होती, तीवरही माहेरचंच नाव. लग्न लावणारे भटजी वारले, माझे आईवडील वारले, भाऊ आफ्रिकेत.

न्यायाधीश सज्जन होते. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि बंगालीत, इथे लहान मुलींनाही म्हणतात तसं मा म्हणत, विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय, मा?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे. तिला कुठून ठाऊक असणार? आमच्या घरात माझं नाव कोण घेत होतं? जाऊबाई मला धाकटी म्हणत, शेजारणी खुकूची मा, म्हणजे पोरीची आई, म्हणत. मुलीने बराच विचार केला आणि सांगितलं, "बाबा 'अगं' म्हणायचे."

पेशकार हसला. मागच्या बाकांवरचे लोकही हसले. न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला. मलाही हसू आलं असतं, पण दीर पंख्याकडे पाहत होते आणि त्यांच्या ओठांवर जिंकल्याचं हसू होतं.

"पुढची तारीख देतो," न्यायाधीश म्हणाले. "नागपूरहून साक्षीदार आणा." त्यांनी पेशकाराकडे पाहिलं. पेशकाराने वही चाळून एप्रिलमधली तारीख सांगितली.

होळी मार्चात होती.

माझे वकील माझ्या कानाशी वाकले. "घाबरू नका. मुलीला कलकत्त्याबाहेर नेऊ नये असा मनाईचा अर्ज आजच करतो."

"मनाई इथं फायलीत राहील, उकीलबाबू. मुलगी पुण्याला असेल."

"मग काय करू म्हणता?"

"साक्षीदार इथंच बसलीय." मी जाऊबाईंकडे बोट केलं. "त्या माझ्या लग्नात होत्या."

म्हातारे दचकले. माझ्या पदराचं टोक त्यांनी चक्क मुठीत धरलं. "ती विरुद्ध पक्षाची बायको आहे! काय उत्तर येईल ते ठाऊक नसताना प्रश्न विचारायचा नसतो, मा. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम."

"तो तुमच्या धंद्याचा झाला," मी म्हटलं, पदर सोडवून घेतला आणि उभी राहिले. "साहेब, नागपूर लांब आहे. त्या बाईंना विचारा. त्या हिंदू आहेत, शुद्धीवर आहेत आणि त्यांना बंगाली माझ्यापेक्षा चांगलं येतं."

दिरांचे वकील उठले, हरकत घेऊ लागले. न्यायाधीशांनी हात वर केला आणि जाऊबाईंना विचारलं, "तुम्ही सांगायला तयार आहात?"

जाऊबाई कलकत्त्यातच जन्मलेल्या. साडी आमच्यासारखी नेसत, पण बोलणं, वळणं, पानाचा डबा, सगळं इथलं. त्या लगेच उठल्या नाहीत. मुलीचं डोकं मांडीवरून बाजूला केलं, तिच्या फ्रॉकचं मागचं बटण लावलं. दीर मराठीत हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं: "तुला काही सांगावं लागणार नाही. बस खाली."

"बसलेच होते की इतका वेळ," त्या म्हणाल्या आणि पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

शपथ झाली. पेशकाराने नवऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी ते घेतलं नाही, दिरांकडे नुसती मान केली. पेशकार बंगाली असला तरी त्याला हे घरचंच होतं. त्याने आपण होऊन लिहून टाकलं.

"ह्या बाईंना ओळखता?"

"माझी धाकटी जाऊ."

"लग्नाआधीचं हिचं नाव ठाऊक आहे?"

त्यांनी सांगितलं. अर्जावरचं नाव, बापाच्या नावासकट.

"आणि हे दुसरं, दाखल्यावरचं?"

"ते लग्नात ठेवलं. तांदळात लिहिलं माझ्या दिराने. अक्षर वाईट होतं त्याचं, दोनदा पुसून लिहायला लावलं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"ताट मी धरलं होतं. पितळेचं होतं, जड. त्याचं लिहून होईतो माझे हात भरून आले." मग म्हणाल्या, "नावही मीच निवडलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या नावाशेजारी शोभेल असं बघ."

दिरांच्या वकिलांनी विचारलं, "बाई, पुष्कळ वर्षं झाली. नीट आठवून सांगा. ह्या उत्तराचा अर्थ काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

"तुमच्याहून जास्त कळतंय," जाऊबाई म्हणाल्या. "मुलगी माझ्या घरातून जाणार."

त्या खाली उतरल्या तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. परत जाऊन बसल्या आणि मुलीला मांडीशी ओढून घेतलं.

न्यायाधीश अजून त्या दोन कागदांवरच होते. मला म्हणाले, "तुमच्या समाजात मग लग्न झालेल्या बाईला शोधायचं कसं?"

"शोधायची वेळ येईल असं कुणाला वाटत नाही, साहेब."

नाव सुटलं, तरी प्रश्न सुटला नव्हता. दिरांचे वकील आता मुलीच्या हितावर आले. कचेरीत जाणारी बाई, भाड्याची खोली, घरात पुरुष नाही. माझ्याकडे उत्तरं तयार होती, मी ती क्रमाने दिली. शाळा गल्लीच्या तोंडाशी. शाळा सुटल्यावर घरमालकीण, स्वतःची तीन मुलं वाढवलेली. जेवण सकाळी करून झाकलेलं. आजारपणात रजा, रजा किती शिल्लक तेही सांगितलं.

"आणि चार ते सहा?" वकिलांनी विचारलं. "मुलगी परक्या बाईच्या हवाली?"

"हिचे वडील दिवसाचे दहा तास गोदीवर असत," मी म्हटलं. "तेव्हा मुलगी कुणाच्या हवाली असते, हे विचारायला ह्यांच्यापैकी कुणीच आलं नाही. मला विचारताय ते मी पगार आणते म्हणून. पगार आणला नसता, तर खायला काय घालणार, असं विचारलं असतंत. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी तयार करून आणली होती. एकच विचारलात."

"बसा," न्यायाधीश म्हणाले. पण रागाने नाही.

निकाल पुढच्या सोमवारी झाला. मुलीचा ताबा आईकडे. अर्जदाराची दोन्ही नावं निकालात एकापुढे एक लिहिलेली, मध्ये 'उर्फ'. काका-काकूंना रविवारी भेटायची मुभा. मुलीच्या वस्तू अर्जदाराला परत देण्यात याव्यात: कपडे, पुस्तकं, अंथरूण आणि बाजाची पेटी. ही पेटी, म्हणजे हार्मोनियम, माझ्या नवऱ्याने मुलगी रांगत होती तेव्हाच घेऊन ठेवली होती. भवानीपूरला जाऊबाई तिला त्यावर सारेगम शिकवत.

वकीलसाहेबांनी फीबरोबर एक सल्लाही दिला: "आता कुठलंतरी एकच नाव ठेवा. प्रतिज्ञापत्र करून टाकू." मी म्हटलं, दोन्ही नावं माझ्या कामाला आली आहेत, एकही टाकणार नाही.

कपडे, पुस्तकं, अंथरूण त्याच आठवड्यात आलं. रिक्षावाल्याबरोबर जाऊबाईंचा निरोप आला: पेटीची एक पट्टी चिकटते, दुरुस्तीला दिली आहे. पहिल्या रविवारी मुलीला घेऊन मी भवानीपूरला गेले, तेव्हा पेटी बैठकीत होती, दुरुस्त होती आणि मुलीने ती तासभर वाजवली. निघताना जाऊबाई म्हणाल्या, "दमट हवेत नेऊ नये म्हणतात. खराब होते." फेब्रुवारी महिना होता, ओठ फुटत होते. मी म्हटलं, "बरोबर आहे."

दीर माझ्याशी बोलत नसत. पण महिन्याभराने त्यांच्या कचेरीतल्या माणसाबरोबर चिठ्ठी आली. कोर्टाच्या हुकमाप्रमाणे वस्तू त्वरित घेऊन जावी, पुढे आम्हाला दोष नको. मी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, हातगाडी मिळाली की नेते. पुढच्या वर्षी दुसरी चिठ्ठी आली, आणखी कडक. मी लिहिलं, खोलीत जागा करते आहे. त्यानंतर त्या दरवर्षी येतात. मी प्रत्येकीला त्याच दिवशी उत्तर देते.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. रविवारी सकाळी ट्रामने एकटी भवानीपूरला जाते आणि संध्याकाळी परत येते. जाऊबाईंनी तिला यमन शिकवलाय, आता भूप चालू आहे.

पेटी आणायची आहे.