काशीला जायचं तर कार्ड कोरं हवं

आमच्या घरात माझ्या क्रेडिट कार्डाला 'उचलीचं कार्ड' म्हणतात. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं. ऊसतोडीला निघालेली माणसं मुकादमाकडून आधी उचल घेतात आणि मग हंगामभर राबून ती फेडतात, तशीच आमची सून महिनाभर आधी खर्च करते आणि मग पगारातून फेडते, असा त्यांचा हिशोब. आता मी शाळेत शिकवते, बिल मुदतीच्या आत भरते, आजवर एक रुपया व्याज दिलेलं नाही. पण हे मामांना सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. या मामांनी उभं आयुष्य माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, किराणा विकला. उधारी म्हटलं की त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काशीला जायचं होतं. मी या घरात आले तेव्हाही जायचंच होतं. दर महाशिवरात्रीला विषय निघायचा आणि प्रसादाबरोबर संपायचा. पण गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी पारच दगा दिला. बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रेचे फोटो बघून सांगितलं, "फिरायचं असेल तर यंदाच फिरून घ्या. पुढं काय होईल, सांगता येत नाही."  घरी आल्यावर आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "म्हंजे राहिलंच म्हना की."

मला लईच लागलं ते. रेल्वेचा एवढा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. मी त्याच संध्याकाळी पुण्याहून विमानाची तिकिटं काढली, त्या दोघांची आणि माझी. आमचे हे म्हणाले, दुकान सोडून मला येता येणार नाही, तू घेऊन जा. तिकिटं अर्थातच कार्डावर काढली.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, "पैशे दिले का?"

"महिन्याच्या शेवटी बिल येईल, तेव्हा भरते."

"म्हंजे उधारीवर काशी? अगं, उधारीवर गूळ खावा, काशी करू नये! काशीला जानाऱ्यानं कुनाचं देनं ठेवू नये, अन् कुनाकडं घेनंबी ठेवू नये. आमच्या बापानं जायच्या आधी समद्यांचे हिशोब मिटवलते. मागं काही अडकलं की मन हितंच घोटाळतंय."

ठीक आहे. मी बिल यायची वाट न बघता सगळे पैसे भरून टाकले. मोबाईलवर शून्य आलं, ते मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "आता कसं! कोरं कार्ड." आत्याबाईंनी त्याच दिवशी नवं पातळ काढून फॉल लावायला दिलं.

आणि मग विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या तारखेचं तिकीट काढा, आधीचे पैसे पूर्ण परत मिळतील, असं त्यात लिहिलं होतं. काही दिवसांनी पैसे आलेही, पण ते आले कार्डावर. मी मोबाईल उघडला तर जिथं शून्य होतं तिथं भली मोठी रक्कम, आणि तिच्या आधी उण्याची आडवी रेघ. नेमके तेव्हाच मामा मागून डोकावले.

"उणे? अगं माय! एवढं देनं कावून झालं?"

"देणं नाही मामा, घेणं आहे. बँकच आपलं देणं लागते."

मामा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी म्हशीला अंडं झालं म्हणाले. मग मी त्यांच्याच दुकानदारीच्या भाषेत शिरले. म्हटलं, "समजा गिऱ्हाइकानं उधारीवर साखर नेली, पहिल्या तारखेला तुमचे पैसे चुकते केले, आणि नंतर साखर ओली निघाली म्हणून पोतं परत आणलं. मग?"

"मग गल्ल्यातनं पैशे काढून द्यायचे."

"इथं रोख हातात देत नाहीत. ज्या खात्यावर माल नेला, त्याच खात्यावर जमा करतात. खातं आधीच फिटलेलं होतं, म्हणून ती रक्कम आपली जास्तीची. पुढं त्यातून दुसरा माल उचला, नाहीतर मागून घ्या."

मामा हळूहळू फुलले. "म्हंजे बँक आपली देनेकरी हाय?" चप्पल घालून ते तडक मोंढ्यात गेले. संध्याकाळपर्यंत हमालांपासून आडत्यांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की अमक्या शेठची बँकेकडं बाकी आहे. चहा त्यांनी स्वतःच्या पैशानं पाजला, हे विशेष.

रात्री जेवता जेवता मात्र त्यांचा घास हातातच थांबला. "पन मग हे घेनं झालं की. घेनं ठेवून काशीला कसं जायचं?"

मी कपाळावर हात मारला. पण उपाय सोपा होता. त्याच पैशातून पुढच्या तारखेची तिकिटं काढली. नशिबानं ती जरा स्वस्त मिळाली आणि तिथंच घोटाळा झाला, कारण सहाशेच्या आसपास रुपये कार्डावर उरले. हेल्पलाइनवर फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाली, पैसे तुमच्या बचत खात्यात पाठवू, पण वेळ लागेल. नेमका किती, ते तिला सांगता येईना. इकडं आमचं विमान आठवड्यावर आलेलं.

"तू ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "वसुली तुला जमायची न्हाई."

मामांची वसुलीची रीत अख्ख्या मोंढ्याला माहीत. दारात जाऊन बसायचं, पाणी मागायचं, पोराबाळांची चौकशी करायची, आणि पैशाचं नाव काढायचं नाही. समोरच्याला आपोआप घाम फुटतो. तर ते माझ्यासोबत बँकेच्या शाखेत आले आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसले. पाणी प्याले. साहेबांचं गाव विचारलं, धरणात यंदा पाणी किती ते सांगितलं.

"काका, काम काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"काही न्हाई. सहज आलतो."

साहेब बिचारे हसले आणि कामाला लागले. मामा बसून. रांग वाढली, कमी झाली, जेवायची सुट्टी होत आली. साहेबांना घाम काही फुटेना, कारण आपण देणेकरी आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं! शेवटी मलाच घाम फुटला आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मॅडम, कार्डाचं काम इथं नसतं. आणि सहाशे रुपयांसाठी एवढं कशाला? पेट्रोल भरा, मिटेल."

आम्ही गेलो पंपावर. मामांनी पोराला बजावलं, बरोब्बर एवढ्याचंच टाक, वर थेंब नको. कार्ड कोरं झालं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. घरी येऊन बघते तर पेट्रोलवर कार्डाचा अधिभार लागलेला, काही रुपये आता आमच्याकडंच देणं! मामांनी डोळे वटारायच्या आत मी ते भरून टाकले. पुन्हा शून्य. आत्याबाईंची बॅग भरून झाली. गंगेचं पाणी आणायला तांब्याची झारीसुद्धा घासून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी बँकेनं तो अधिभार माफ केला. माफ केला म्हणजे काय, परत कार्डावर जमा केला! मोबाईलवर पुन्हा ती आडवी रेघ, आणि पुढं आठ रुपये.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मामा दर तासाला विचारत होते आणि मला खोटं बोलता येत नाही, हाच माझा शाप. ऐकून मामांनी टोपी काढून ठेवली. "महादेवाच्या मनात न्हाई," ते म्हणाले. "हे मिटत न्हाई तवर मी येत न्हाई. तिकिटं पुढं ढकल."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच आतून आत्याबाई आल्या. भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत. आजवर त्यांचा आवाज मामांच्या वर गेलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही गेला नाही.

"आवं, बँकेकडं तुमचं आठ रुपये घेनं हाय म्हनून तुमाला काशी चालंना. अन् माझं? तुमच्याकडं माझं किती वर्सांचं घेनं हाय, हाय का ध्यानात? लगीन होऊन आले त्याच साली म्हनलता, दुकानाची घडी बसू दे, तुला काशीला नेतो. घडी बसली. दुकान पोराच्या हातात गेलं. माझे गुडघे गेले. मी आले का कवा तुमच्या दारात वसुलीला?"

 आत्याबाई खुर्चीत टेकल्या आणि पदरानं डोळे पुसले. मीही पुसले, आता लपवायचं काय!  मग मामा उठले, टोपी डोक्यावर घातली आणि मला म्हणाले, "गाडी किती वाजता सांगितलीय?"

पहाटे निघालो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा झाला, तेव्हा मामांनी स्वतःच्या कपातला अर्धा आत्याबाईंच्या बशीत ओतला. विमानात खिडकीची जागा मामांच्या नावावर होती. त्यांनी ती आत्याबाईंना दिली आणि स्वतः पूर्ण वेळ समोरची खुर्ची घट्ट धरून बसले.

काशीत घाटाच्या पायऱ्या बघून मी आत्याबाईंना धरायला गेले. पण मामांनी माझा हात बाजूला केला. आत्याबाईंचं कोपर धरून ते एकेक पायरी उतरले, प्रत्येक पायरीवर थांबून. खाली पोचल्यावर आत्याबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. मामा शेजारीच बसलेले. पाणी मागणं नाही, पोराबाळांची चौकशी नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"फिटलं का?"

आत्याबाईंनी झारी पाण्यात बुडवली, भरू दिली, आणि मग म्हणाल्या, "मुद्दल फिटलं. व्याज ऱ्हायलंय."

"किती?"

"रामेश्वर."

 मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ते उचलीचं कार्ड हाय का जवळ? आठ रुपये तर त्यात हायेतच."